पुढच्या दाताचा रंग

६ ऑगस्ट

डबी परत आली. त्याच बाईंच्या पुढच्या दाताची कॅप, दुसऱ्यांदा. आत धाकट्या डॉक्टरांची चिठ्ठी : "काकू, शेड अजूनही पिवळी वाटते. माफ करा." माफी कसली मागायची त्यात? रंग चुकला तर चुकला म्हणावं.

डबीवाली दारातच उभी राहिली. दवाखान्यात साफसफाई करते आणि आमच्याकडे डब्यांची ने-आण करते, म्हणून ती डबीवाली. एरवी आल्या आल्या खुर्ची ओढते आणि दवाखान्यातल्या गमती सांगत बसते, कोण खुर्चीत टेकायच्या आधीच ओरडला, कोणी डॉक्टरांच्या बोटाला चावा घेतला. आज म्हणाली, घाई आहे. तिला घाई असलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

हे होते तेव्हा पुढच्या दाताचा पेशंट स्वतः जिना चढून आमच्याकडे यायचा. थोरले डॉक्टर, म्हणजे धाकटीचे वडील, मुद्दाम पाठवायचे. हे त्याला खिडकीशी उभं करायचे. शेडगाइडमधला एकेक नमुन्याचा दात काडीने धरून त्याच्या दाताशेजारी न्यायचे आणि मला हाक मारायचे, बघ गं. मी म्हणायची, ए-तीन. हे म्हणायचे, ए-तीनच, पण हिरडीपाशी जरा ए-साडेतीन. मग यांनी पावडर कालवायची, ब्रशने थर चढवायचे, मी भट्टी सांभाळायची. कॅप बसल्यावर आरशात बघून खुद्द पेशंटला सांगता यायचं नाही, खोटा कुठला.

आता फोटो येतो. डॉक्टर दाताशेजारी नमुना धरतात, फोटो काढतात आणि कॉम्प्युटरवर पाठवतात. काडीवर नमुन्याचं नाव असतं, पण नाव हा नुसता अंदाज. खरा दात त्या नमुन्याहून किती फिका, किती गडद, ते डोळ्यांनीच ठरवायचं असतं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. बराच वेळ माझ्या तब्येतीची चौकशी झाली. मग म्हणाल्या, "काकू, फोटो तुम्ही कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडता? काही प्रोग्रॅम म्हणे रंग चुकीचे दाखवतात."

फोन ठेवला आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. म्हणजे दोष तिथे आहे.

८ ऑगस्ट

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. याचं नाव पेचकस. हे नाव यांनीच ठेवलं, कारण एक पेचकस कायम त्याच्या कानावर असतो. त्याला ते माहीत आहे आणि त्यात त्याला मोठा मान वाटतो. माणूस चांगला, पण वायरी दातांनी सोलतो. हे त्याला म्हणायचे, एक दिवस आमचं गिऱ्हाईक होशील.

त्याने मला नीट समजावून सांगितलं. फोटोच्या पोटात एक चिठ्ठी असते. यातला पिवळा म्हणजे नेमका कुठला पिवळा, लाल म्हणजे कुठला लाल, ते तिच्यात लिहिलेलं असतं. स्क्रीनचीही अशीच एक चिठ्ठी असते. चांगला प्रोग्रॅम दोन्ही वाचतो आणि मगच रंग दाखवतो. बाकीचे न वाचताच ठोकून देतात.

"आमच्या साडूसारखे," तो म्हणाला. "बाटलीवरचं वाचत नाही. खोकल्याचं औषध म्हणून गुडघ्याचं तेल प्यायला."

कॉम्प्युटरसोबत आलेला माझा प्रोग्रॅम साडूच निघाला. पेचकसने दुसरा घातला. स्क्रीनवर एक चकतीसारखं यंत्र चिकटवलं, ते स्वतःच्या तंद्रीत रंग मोजत राहिलं. चहा पिऊन होईपर्यंत त्याचं काम झालं. "आता जे आहे तेच दिसणार," असं म्हणून तो गेला.

११ ऑगस्ट

दुसऱ्या प्रोग्रॅमची सगळी माहिती वाचून काढली. वेळ लागला. शाळा सुटली तेव्हा मला जोडाक्षरंही धड येत नव्हती. पुढचं जे काही वाचायला आलं ते पावडरच्या बाटल्यांसोबत येणाऱ्या कागदांवरून, वाचनालयातून आणि यांच्या चिडवण्यातून. हे म्हणायचे, तू वाचतेस तशी गाय रवंथ करते, पण गायीला दूध तरी येतं.

तर वाचलं, समजलं, आणि सांगायला वाईट वाटतं, पण हा प्रोग्रॅम काही खरा नाही. यात सगळं फिकं दिसतं. नमुन्याचा ए-तीन असा दिसतो, जसा धुऊन धुऊन विटलेला सदरा. ए-तीन कसा असतो ते मला झोपेत विचारलं तरी सांगेन.

पेचकसला फोन केला. तो म्हणाला, आठवणीशी कशाला जुळवता, शेडगाइडमधला तोच दात हातात घ्या आणि स्क्रीनशेजारी धरा. धरला. तर हातातला दातही फिका.

बघतच राहिले. म्हणजे शेडगाइडच विटली. भट्टीतून निघालेला रंग विटत नाही असं हे सांगायचे, म्हणूनच तर दातांना हा माल वापरतात. पण ती पट्टी किती जुनी, किती हात लागले तिला. विटली असणार.

डॉक्टरांकडून नवी मागवून घेते.

१९ ऑगस्ट

नवी शेडगाइड आली. कोरी करकरीत, अजून वेष्टनाचा वास आहे. तीही तशीच. हल्लीचा माल.

पेचकस आला होता. मी दोन्ही पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं. म्हणाला, मला तर सगळं एकसारखंच दिसतंय, काकू. मी म्हटलं, तुम्हाला सवय नाही, दातांच्या रंगात आमचा जन्म गेला. तो मान हलवून गप्प बसला. त्याचं हे चांगलं आहे, वाद घालत नाही.

मग मी यांचा फोटो उघडून दाखवला. खिडकीशी बसलेत, हातात ब्रश, हसताहेत. अंगात मी विणलेला स्वेटर. तो स्वेटर मोहरीच्या रंगाचा आहे, लोकर मी स्वतः निवडली होती. आणि या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसतो राखाडी. मी विचारलं, "हा रंग बरोबर आहे का, सांगा."

त्याने बराच वेळ फोटो पाहिला. म्हणाला, "स्वेटर पिवळा आहे, काकू."

"तेच तर म्हणतेय मी. पिवळा आहे, आणि हा राखाडी दाखवतो."

मी हट्ट धरला म्हणून त्याने तिसरा प्रोग्रॅम घातला. घालताना कुरकुरला. हा म्हणे चिठ्ठी फाडून टाकतो आणि वर रंग भडक करतो, समारंभातल्या फोटोंना ठीक आहे, कामाला नको. असेल. पण त्यात यांचा फोटो उघडला आणि स्वेटर मोहरीचा झाला. पूर्ण नाही, पण झाला. यांचे गालही जिवंत दिसले.

तिसराच ठेवायचा ठरवला. हे गेल्यापासून मी एकटीने घेतलेला हा पहिला धड निर्णय.

२ सप्टेंबर

प्रोग्रॅम बदलल्यापासून एकही डबी परत आलेली नाही.

कामं थोडी कमी आहेत, पण आहेत. गंमत म्हणजे सगळ्या दाढाच येताहेत. एकही पुढचा दात नाही. लोक हल्ली मागच्या बाजूनेच जास्त चावत असावेत. डबीवालीला हे सांगितलं तर ती हसली नाही, पिशवीची चेन उघडझाप करत राहिली.

प्रत्येक दाढेची शेड मी तितक्याच काळजीने जुळवते. यांची शिकवण. दाढ असली म्हणून काय झालं, तोंडात राहणार आहे ना ती माणसाच्या.

त्या आधीच्या बाईंच्या पुढच्या दाताचं काय झालं ते विचारलं. डबीवाली म्हणाली, त्यांचं झालं. कुठे झालं ते बोलली नाही.

१४ सप्टेंबर

पेचकसचा दात तुटला. पुढचा, वरचा, अगदी दर्शनी. वायर सोलतानाच. हे असते तर हसून हसून लोळले असते.

तो स्वतः आला, तोंडाला रुमाल लावून, आणि रुमाल काढून मला दाखवला. म्हणाला, डॉक्टरांनी बाहेरच्या लॅबमधून यंत्रावर बनवून आणते म्हटलं, पण मी म्हटलं कॅप काकूच करतील. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या? तो म्हणाला, काही नाही, बऱ्याच वेळाने हो म्हणाल्या.

मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले. किती दिवसांनी पुढचा दात.

त्याला खिडकीशी उभं केलं, यांच्या पद्धतीने. पण ढग होते, उजेड बरा नव्हता. नव्या पट्टीवर माझा विश्वास नाही. शेवटी डॉक्टरांच्या फोटोवरूनच करायचं ठरवलं, तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये. त्यात त्याचे दात छान दिसतात, चहाने पिकलेले, माणसाचे.

१९ सप्टेंबर

कॅप झाली. ब्रश हातात घेतला की यांची सवय आठवते, थर चढवताना हे श्वास धरायचे. मीही धरते. पावडर बेताची घातली तर रंग काही उठेना, म्हणून पिवळी थोडी वाढवली, परत वाढवली. भट्टीतून निघाली तेव्हा स्क्रीनशेजारी धरली. हुबेहूब.

यांच्या फोटोपुढे ठेवली क्षणभर. वेडेपणा. पण ठेवली.

२६ सप्टेंबर

पेचकसला दात बसला. मला दाखवायला आला होता. मला तरी खोटा कुठला ते कळेना. म्हणाला, एकदम झकास, जेवताना आठवणसुद्धा राहत नाही. कीबोर्ड साफ करून दिला, पैसे घेईना.

एक गोष्ट मात्र आहे. तो हसताना तोंडावर हात धरतो. आधी धरत नव्हता. इतके दिवस तुटक्या दाताने फिरला, त्याची सवय लागली असेल. जाईल हळूहळू.

५ ऑक्टोबर

लेक आली थोडे दिवस राहायला. आल्या आल्या तिने माझे पाय पाहिले. एक मोजा काळा, एक निळा. म्हणाली, आई, हे काय? मी म्हटलं, दोन्ही काळेच आहेत. ती म्हणाली नाही, मी म्हटलं हो, आणि आम्ही दोघी मोज्यांवरून भांडलो. तिला बापाचा चिवटपणा आलाय.

मग तिला स्वेटर दाखवला, पेटीतला. सावलीत, कापडात गुंडाळून ठेवलेला, तरी विटला, याची तक्रार करायला. तिने तो हातात घेतला, छातीशी धरला. मला वाटलं, बाबांच्या आठवणीने रडते आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, हा विटलेला नाही गं."

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे तिने. जाते. चष्म्याचा नंबर वाढला असेल. दिव्याखाली बसूनही हल्ली अक्षरं मधेच पुसट होतात.

१३ ऑक्टोबर

डोळ्यांचे डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाचे. थेंब घातले, आत दिवा मारून बघितलं. मग एक लांबट पेटी उघडली. तिच्यात रंगीत चकत्या, एक सोडून सगळ्या सुट्या. म्हणाले, पहिलीला सगळ्यात जवळचा रंग तिच्याशेजारी ठेवा, मग त्याला जवळचा त्याच्याशेजारी, असं शेवटपर्यंत लावा.

मला हसूच आलं. म्हटलं, डॉक्टर, माझा धंदाच हा. लेकीने पाण्याची बाटली उघडून बंद करेपर्यंत माझी रांग लावून झाली होती. एकाही ठिकाणी हात अडखळला नाही. मी खुर्चीत मागे टेकून बसले, दात तयार झाल्यावर हे टेकायचे तशी.

डॉक्टरांनी चकत्या एकेक करून उलट्या केल्या. प्रत्येकीच्या पाठीवर आकडा होता. सातापर्यंत ओळीने, मग पंधरा, आठ, चौदा, नऊ. ते पुढे उलटवत राहिले. लेक भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती.

आकडे मला स्वच्छ दिसत होते.

डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, ते म्हणाले. रंगांपासून सुरू झालाय, पिवळा आणि निळा आधी जातात. बराच काळ चालू असणार, हळू जातं म्हणून माणसाला कळत नाही. ऑपरेशन नाही. गोळ्यांनी फार तर चाल मंदावेल. पुढे नजरेचा मधला भाग जाईल. मी विचारलं, मधला भाग म्हणजे? ते म्हणाले, ज्याने वाचतो तो.

येताना रिक्षात लेक माझा हात धरून बसली होती. मी तिला विचारलं, "माझे मोजे आज तरी बरोबर आहेत का?"

ती म्हणाली, "हो. मीच काढून ठेवले होते."

१४ ऑक्टोबर

दाढा.

आज सकाळी दात घासताना कळलं. सगळ्या दाढाच का येत होत्या ते.

१७ ऑक्टोबर

लेक कालच गेली. चल म्हणत होती, मी नाही म्हटलं. तिथे दोन खोल्यांत आधीच चार माणसं आहेत.

पेचकसला बोलावलं. कॉम्प्युटर बिघडला असं खोटंच सांगितलं. आला, बसला, बोलता बोलता हसला आणि हात तोंडाकडे गेला. मी म्हटलं, "हात काढा."

त्याने काढला. मी जवळ जाऊन, खिडकीच्या उजेडात, यांनी शिकवलं तसं पाहिलं. सगळे दात एकसारखे दिसले. मला तो खोटा सापडला नाही. तो मात्र समजला मी का बघतेय ते.

"किती पिवळा आहे?"

"काकू, माझ्या तोंडाकडे बघतं कोण? मी टेबलाखाली असतो."

"किती, ते सांगा."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मक्याच्या दाण्यासारखा."

मग त्यालाच हसू फुटलं, आणि या वेळी हात वर गेला नाही. म्हणाला, बायको म्हणते आता अंधारात सापडता. डॉक्टर बदलून देणार होत्या, मीच नको म्हटलं. मी त्याला सांगितलं, बदलून घ्या. त्याने मान हलवली. पण घेणार नाही, मला माहीत आहे, आणि तो दात रोज कुठे ना कुठे फिरत राहील, आमच्या नावाचा.

निघताना मी त्याला तिसरा प्रोग्रॅम काढून टाकायला सांगितलं. फोटो यापुढे दुसऱ्यातच उघडतील असं करून द्या म्हटलं. तो म्हणाला, काकू, तिसरा राहू दे की, तुम्हाला त्यात बरं दिसतं. मी म्हटलं, मला बरं दिसावं म्हणून हे काम नव्हतं. त्याने काढला.

२२ ऑक्टोबर

डबीवाली आली. दाढ.

डॉक्टरांना मी काही कळवलेलं नाही. त्यांनी मला जे सांगितलं नाही, ते मला कळलंय असं मी त्यांना सांगणार नाही. फोनवर त्यांनी विचारलं, "प्रोग्रॅम आता ठीक आहे ना, काकू?" मी म्हटलं, "हो, बरोबरचा आहे." त्या म्हणाल्या, "बरं झालं." आम्ही दोघींनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.

शेड आता मी बघत नाही. फोटोतल्या काडीवरचं नाव वाचते आणि त्या नावाची बाटली घेते, कमी नाही, जास्त नाही. दाढ अंधारात काम करते, तिला तेवढं पुरतं. डबीवालीला हे सांगितलं, डोळ्यांचंही, डॉक्टरांना बोलू नकोस म्हणून. ती तशीच उभी राहिली. मग तिने खुर्ची ओढली, पिशवी मांडीवर घेतली आणि सांगायला लागली, काल एक आजोबा आले होते, डॉक्टरांनी तोंड उघडा म्हटलं तर त्यांनी खिडकी उघडली. मी हसले. तीही हसली. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येणार नाहीत त्या दिवशी हेही थांबेल. ते आम्हा दोघींना माहीत होतं, म्हणून ती जरा जास्तच बसली.

ती गेल्यावर यांचा फोटो उघडला. राखाडी स्वेटर घातलेला एक फिकट माणूस खिडकीशी हसत बसला आहे. मला ओळखीचा वाटत नाही. पण बरोबर तोच आहे, मोजून दाखवलेला.

म्हणून लिहून ठेवते. स्वेटर मोहरीच्या फुलाचा पिवळा, बाह्यांना थोडा गडद, कारण लोकर कमी पडली होती आणि दुसऱ्या गठ्ठ्यातली घ्यावी लागली. यांचे दात ए-साडेतीन, हिरडीपाशी ए-चार, चहाने. डाव्या बाजूचा पुढचा एक स्वतः केलेला, तो कुठला ते कधीच कुणाला ओळखता आलं नाही. ब्रशचा दांडा लाल. खिडकीची चौकट पांढरी, कोपऱ्यात जुना तपकिरी रंग उघडा पडलेला.

हे मी दिसतंय म्हणून लिहीत नाही. आठवतंय म्हणून लिहितेय, जेवढं आठवतंय तेवढं.

यांच्या मागे फोटोत आमचं दार आहे. त्याचा रंग यांनीच दिला होता, मी डबा धरला होता. निळा होता की हिरवा, ते आठवायला मघापासून बसले आहे.

दार समोरच आहे.